रंग फुगतो आणि ल्युर आडवा पडतो: दोन्हीचं मूळ रंगाच्या आधी आहे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लाकडाचे सहा ल्युर, म्हणजे मासा फसवायचे खोटे मासे, हाताने कोरले, स्प्रेने रंगवले, वरून क्लिअर लॅकरचा एक हात दिला. दिसायला देखणे झाले. पाण्यात टाकल्यावर दोन आडवे पडले, एक गिरक्या घेत वर आला, आणि दुसऱ्याच खेपेला पोटाकडचा रंग फुगून पापुद्रे सुटले. आता नवे करायचे आहेत, तर एअरब्रश घ्यावा का, रंग कोणते वापरावेत आणि खवले कसे उठवावेत?

एअरब्रशचं नंतर बघू. तुमच्या सहापैकी एकाही ल्युरचा बिघाड रंगामुळे झालेला नाही. जे आडवे पडले त्यांचं वजन चुकलंय, गिरक्या घेणाऱ्याची लिप (तोंडापुढची जीभ) किंवा दोरा बांधायची कडी वाकडी आहे, आणि रंग फुगला कारण लाकूड आतून पाणी प्यायलं. मीही सुरुवातीला असंच केलं होतं. एका हिवाळ्यात आठ ल्युर रंगवून, डोळे चिकटवून, चकचकीत करून ठेवले आणि मग पहिल्यांदा पाणी दाखवलं. आठही कुशीवर झोपले. तेव्हापासून एक शिस्त पाळतो: उघड्या लाकडाचा ल्युर टबात सरळ उभा राहिल्याशिवाय आणि तंगूसाला (गळाच्या दोऱ्याला) बांधून ओढल्यावर नीट डोलल्याशिवाय रंगाची बाटली उघडायची नाही.

लाकडापासून सुरू करू. ल्युरच्या कामात लाकडाची ताकद दुय्यम, घनता महत्त्वाची. बाल्सा एका घन सेंटीमीटरला साधारण 0.12 ते 0.2 ग्रॅम भरतो, पॉलोनिया 0.3च्या आसपास, सीडर आणि बासवूड 0.4च्या आगेमागे, पाइन त्याहून थोडा जड, साग 0.65 आणि मेपल, बीच 0.7च्या घरात. हलकं लाकूड वर ओढतं, पोटातलं शिसं खाली ओढतं. ही ओढाताण जितकी जास्त, तितका ल्युर एका कुशीवर कलला की झटकन परत सरळ होतो, आणि तीच त्याची चाल. म्हणून बाल्साचा छोटा मिनो (सडपातळ, लांबट माशाच्या आकाराचा ल्युर) नुसता थरथरतो, तर त्याच मापाचा बीचचा तुकडा ओंडक्यासारखा येतो. उलट मोठा ग्लाइडबेट, जो झटक्यासरशी डावीकडे-उजवीकडे संथ सरकायला हवा, तो हलक्या लाकडात धड होत नाही. त्याला जड लाकूडच लागतं. पहिल्या दहा-बारा ल्युरसाठी मी सीडर किंवा बासवूड सुचवेन. बाल्सा कोरायला लोण्यासारखा असला तरी नख लागलं तरी दबतो, कडीचा स्क्रू त्यात टिकत नाही आणि सीलर, म्हणजे पाणी अडवणारा लेप, द्यायला दुप्पट वेळ खातो. ज्या फळीत गाठ आहे किंवा रेषा तिरप्या धावतात ती बाजूला ठेवा. एका बाजूला घट्ट आणि दुसऱ्या बाजूला मऊ लाकूड आलं की तुम्ही कितीही मोजून कोरा, ल्युर एका कुशीला कलणारच.

सीडर घासताना मास्क लावा. वेस्टर्न रेड सीडरच्या भुशाने काहींना दम्याचा त्रास जडतो, आणि एकदा जडला की थोड्या भुशानेही उठतो.

आता कोरण्याचा क्रम. ल्युर सुरीने चारी बाजूंनी तासत बसायचं, हा बहुतेकांचा पहिला बेत असतो आणि तिथेच मध्यरेषा हरवते. ठोकळा चौकोनी आहे तोवरच मोजमापाची सगळी कामं उरकून घ्या. ठोकळ्याच्या चारही बाजूंवर मध्यरेषा आखा. पुठ्ठ्याचा साचा करून बाजूची आकृती उमटवा. लिपची खाच करवतीने आत्ताच पाडा, शिशाची भोकं आत्ताच पाडा, कड्यांच्या जागी आत्ताच खुणा करा. ठोकळ्याला काटकोन आहे म्हणून भोक सरळ जातं. गोल झालेल्या पोटावर ड्रिल हमखास घसरतो. मग बाजूची आकृती कापा, त्यानंतर वरून दिसणारी आकृती. हातात येईल तो माशाच्या आकाराचा, पण चार कोपऱ्यांचा तुकडा असेल.

त्याला गोल करतानाही थेट गोल करू नका. प्रत्येक कोपरा आधी 45 अंशांत तासा, म्हणजे आठ बाजू होतील. डाव्या आणि उजव्या पट्टीची रुंदी डोळ्यांनी सहज ताडता येते, गोलाईची येत नाही. दोन्ही पट्ट्या सारख्या झाल्या की त्यांचे कोपरे पुन्हा मारा आणि मग कानस, 120 नंबरचा पॉलिश पेपर, 240, आणि शेवटी 400. उजेडाकडे नाक करून धरा आणि नाकासमोरून बघा. फुगवटा कुठल्या बाजूला जास्त आहे ते सावलीत लगेच कळतं. पॉपर (पाण्याच्या पृष्ठभागावर चालणारा ल्युर) किंवा सिगारच्या आकाराचा स्टिकबेट लेथवर फिरवून मिळतो, तिथे हा खटाटोप नाही.

तार की स्क्रू? छोट्या माशांसाठी कडीचे स्क्रू चालतात, फक्त भोक आधी पाडून त्यात एपॉक्सी (दोन भाग मिसळल्यावर घट्ट होणारा गोंद) भरून मग फिरवा. कोरडा स्क्रू फिरवलात तर पाणी आत शिरायला तोच रस्ता होतो. ज्या पाण्यात दांडगा मासा आहे, तिथे मी आरपार तारच घालतो. पोटाच्या मध्यरेषेवर करवतीने नाकापासून शेपटीपर्यंत खाच, त्यात 1 ते 1.2 मिलिमीटरची स्टेनलेस तार, जिला नाकाशी, पोटाशी आणि शेपटीशी फास वळवलेले. वर एपॉक्सीत लाकडाचा भुसा कालवून भरायचा. माशाने लाकूड चिरफाळलं तरी गळ आणि तंगूस एकाच तारेला धरून राहतात.

लिप, म्हणजे तोंडापुढची ती पारदर्शक जीभ, पॉलिकार्बोनेटची करा. दीड मिलिमीटर जाडी मध्यम ल्युरला पुरते, अगदी छोट्याला एक. ॲक्रिलिकची शीट दिसायला तशीच असते, पण दगडावर आपटली की कडकन मोडते. लिप जितकी उभी, तितका ल्युर वरच्या वर चालतो. ती शरीराच्या रेषेत आडवी आणि लांब केली की तो खोल जातो, आणि अशा खोल जाणाऱ्याची कडी नाकावर न ठेवता लिपवरच पुढे आणतात. लिपवर आदळलेलं पाणी दोन्ही कडांवरून आळीपाळीने भोवरे सोडतं आणि प्रत्येक भोवऱ्यासरशी नाक एकेका बाजूला ढकललं जातं. लिप केसभर जरी एका बाजूला जास्त असेल तरी आळीपाळी मोडते आणि ल्युर गिरक्या घेतो. तुमचा तो एक बहुधा याच कारणाने फिरतोय. खाचेत लिप घट्ट बसेल अशी घासा, पण एवढ्यात चिकटवू नका.

आता वजन. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण तुमचे दोन ल्युर इथेच गेले.

समजा 10 सेंटीमीटर लांब, 2 सेंटीमीटर उंच आणि दीड सेंटीमीटरहून किंचित जाड असा मिनो आहे. त्याचं आकारमान साधारण 20 घन सेंटीमीटर भरतं. अंदाजावर विसंबायचं नसेल तर मोजताही येतं: डिजिटल काट्यावर पाण्याचा डबा ठेवा, काटा शून्यावर आणा, सीलर केलेलं शरीर बारीक सुईला टोचून पूर्ण पाण्याखाली दाबा, मात्र डब्याच्या तळाला टेकू देऊ नका. काटा जितके ग्रॅम दाखवेल, तितके घन सेंटीमीटर आकारमान. आर्किमिडीजची कृपा.

20 घन सेंटीमीटर सीडरचं वजन झालं 8 ग्रॅम. दोन ट्रेबल (तीन टोकांचे) गळ, ते अडकवायच्या स्प्लिट रिंगा आणि तार मिळून 4 धरा. लिप, रंग आणि एपॉक्सी मिळून 3. एकूण 15 ग्रॅम. गळ, लिप आणि रंगाचे थर स्वतःही थोडं पाणी बाजूला सारतात, सगळे मिळून साधारण 3 घन सेंटीमीटर. म्हणजे पूर्ण ल्युर 23 ग्रॅम पाणी हटवतो आणि त्याचं वजन आहे 15. मधले 8 ग्रॅम ही तुमची शिशाची शिल्लक. आठच्या आठ घातले तर तो पाण्यात जिथल्या तिथे लोंबकळत राहील. नऊ घातले तर बुडेल. चार-साडेचार घातले तर पाठ पाण्याबाहेर काढून सरळ तरंगेल, आणि शिकणाऱ्याने इथेच थांबावं. लोंबकळणारा ल्युर करणं हे अर्ध्या ग्रॅमचं काम आहे. इतकं नाजूक की गोड्या पाण्यात नेमका लोंबकळणारा हाच ल्युर समुद्रात तरंगायला लागतो, कारण खाऱ्या पाण्याची घनता 1.025 आहे आणि 23 घन सेंटीमीटरला ती अर्ध्या ग्रॅमहून थोडी जास्तच उचल देते.

शिसं किती, याहून ते कुठे ठेवायचं हे जास्त अवघड. उंचीच्या हिशोबाने ते जितकं खाली, पोटाच्या कातडीला लागून, तितका ल्युर ताठ. तुमच्या आडव्या पडणाऱ्या दोघांत, माझा अंदाज, भोक पोटातून वरपर्यंत खोल गेलंय आणि शिसं मध्यावर अडकलंय. लांबीच्या हिशोबाने निम्म्याहून थोडं जास्त वजन मध्याच्या पुढे, म्हणजे पोटाच्या कडीच्या अलीकडे ठेवा. सगळं मागे नेलंत तर लांब फेकला जातो खरा, पण शेपूट टाकून बसतो आणि लिपला पाणी धरता येत नाही.

माझी पद्धत अशी. सीलरचा एक हात दिलेलं शरीर घेतो, लिप नुसती दाबून बसवतो, खऱ्या मापाचे गळ आणि रिंगा लावतो, आणि शिशाचे बारीक तुकडे पोटाला बाहेरून चिकटपट्टीने बांधतो. मग बादलीत सोडतो. वाकडा झाला तर तुकडे सरकवतो. सरळ झाला की एका कुशीवर दाबून सोडतो: पटकन उठून दोनदा डुलला तर ठीक, आळसावल्यासारखा हळूहळू उठला तर शिसं अजून खाली किंवा अजून जास्त हवं. जमल्यावर तुकड्यांच्या जागी पेन्सिलीने खूण करतो, भोकं नेमकी तिथे करून शिसं आत बसवतो आणि एपॉक्सीने बुजवतो. भोकासाठी पोटात आणखी लाकूड गेलं तर उचल किंचित कमी होते, तरंगणाऱ्या ल्युरला त्याने फरक पडत नाही. त्यानंतर तंगूसाला बांधून लांब टबात किंवा काठावर चालवून बघतो. या टप्प्यावर चूक सापडली तर दहा मिनिटांचं काम असतं.

शिसं वितळवून ओतणार असाल तर उघड्यावर, आणि साचा खडखडीत कोरडा हवा. शिसं 327 अंश सेल्सिअसला वितळतं. ओल्या साच्यात पाण्याचा एक थेंब असला तरी त्याची क्षणात वाफ होऊन शिसं तोंडावर उडतं. धूर आणि हात दोन्ही सांभाळा, ते विषारी आहे. काही ठिकाणी मासेमारीत शिशावर बंदीही आहे. कथील 232 अंशांना वितळतं आणि हाताळायला सुरक्षित, फक्त शिशाहून हलकं असल्याने भोक मोठं लागतं. टंगस्टनच्या गोळ्या शिशाहूनही कितीतरी जड, म्हणून छोट्या ल्युरमध्ये जागा वाचते.

सीलर हा तुमच्या फुगलेल्या रंगाचा खरा इलाज. लाकूड पाणी प्यायलं की रेषांच्या आडव्या दिशेने फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. वरचा रंग आणि लॅकर फुगत नाहीत, मग ते तडकतात. तडकीतून आणखी पाणी शिरतं. त्यात ल्युर उन्हात पडला की आतली ओल आणि हवा तापून रंगाला आतून ढकलते, तो तुमचा फोड. पाणी शिरतं ते बहुतेक वेळा तीनच ठिकाणांहून: कडीच्या मुळाशी, लिपच्या खाचेत आणि शेपटीच्या टोकाशी, जिथे रेषांची तोंडं उघडी असतात.

पर्याय बरेच आहेत. पातळ सुपरग्लू लाकडात झपाट्याने मुरतो आणि बाल्साला कवच देतो, पण त्याची वाफ डोळ्यांना झोंबते, पंखा पाठीमागून लावा. उकळलेलं जवसाचं तेल चांगलं मुरतं, मात्र पूर्ण सुकायला दिवस लागतात, आणि तेलाची चिंधी गोळा करून टाकलीत तर ती आपोआप पेटू शकते. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा. मी बहुतेक वेळा सावकाश घट्ट होणारी एपॉक्सी किंचित कोमट करून चोळतो. यात एक युक्ती आहे. लाकूड तापत असताना आतली हवा बाहेर येते आणि एपॉक्सीत बुडबुडे करते. तेच लाकूड थंड होत असताना हवा आत ओढली जाते आणि सोबत एपॉक्सीही. म्हणून शरीर हेअर ड्रायरने गरम करा, ड्रायर बंद करा, आणि मग एपॉक्सी लावा. कडीची भोकं आणि लिपची खाच यांना काडीने आतून लावायला विसरू नका.

ल्युरच्या इतिहासातला सगळ्यात प्रसिद्ध घरगुती जुगाड याच प्रश्नावरचा आहे. फिनलंडच्या लाउरी रापाला यांनी 1936 साली आपला पहिला यशस्वी ल्युर बुचाचा, म्हणजे कॉर्कचा, कोरला, त्याला चॉकलेटवरची चंदेरी वर्खी गुंडाळली आणि वर फोटोच्या निगेटिव्ह वितळवून त्याचा थर दिला. वर्खी खवल्यांसारखी चमकायची, आणि वितळलेली फिल्म पाणी आत येऊ देत नव्हती. सजावट आणि सीलर दोन्ही स्वयंपाकघर आणि अडगळीतून निघाले, एअरब्रश कुठेच नव्हता. आज निगेटिव्हच्या जागी काही कारागीर सेल्युलोज प्रोपिओनेटचे दाणे ॲसिटोनमध्ये विरघळवून त्यात ल्युर बुडवतात. विचार तोच आहे. आगीपासून लांब करा, ॲसिटोन नुसत्या ठिणगीने पेटतं.

एवढं झालं की सजावटीला हात घाला. इथे मला तुमच्याहून कमी बोलावंसं वाटतं, कारण यातला अर्धा भाग आवडीचा आहे. पण काही गोष्टी खऱ्याच उपयोगी पडतात.

सगळ्यात आधी पांढरा बेस, पातळ दोन हात. गडद लाकडावर थेट पिवळा मारलात तर तो मेलेला दिसतो. बहुतेक छोट्या माशांची पाठ गडद आणि पोट फिकं असतं. वरून बघणाऱ्याला पाठ तळाच्या अंधारात मिसळते, खालून बघणाऱ्याला पोट आकाशाच्या उजेडात. त्यामुळे पाठीपासून पोटाकडे रंग हळूहळू फिका होत गेला पाहिजे, मध्ये रेघ दिसता कामा नये. पाठीचा रंग बाजूवर उतरतो तिथे अर्धपारदर्शक रंग वापरा, म्हणजे खालची चमक दिसत राहते.

चमक वर्खीने द्या, चंदेरी रंगाने नाही. चंदेरी रंग कितीही महागाचा असला तरी राखाडीच दिसतो. चिकट पाठ असलेली ॲल्युमिनियमची पट्टी घ्या. तिचा तुकडा कानशीच्या दातांवर किंवा बारीक जाळीवर ठेवून चमच्याच्या पाठीने घासा, खवल्यांची नक्षी उमटते. माशाच्या एका बाजूपेक्षा दोन-तीन मिलिमीटर मोठा कापा, मधोमध चिकटवा आणि मऊ लाकडाच्या काडीने मधून कडेकडे दाबत जा, जणू पोस्टरखालचा बुडबुडा बाहेर काढताय. पोटाच्या वळणावर सुरकुती पडणारच. ती दाबून बसवायचा प्रयत्न करू नका, तिथे कडेला छोटे त्रिकोणी काप द्या आणि तुकडे एकमेकांवर येऊ द्या. दुसऱ्या बाजूचा तुकडा पोटाशी पहिल्यावर थोडा चढवा. जोड पाठीवर आणि पोटावरच ठेवा, पाठीचा रंग तो झाकतो. गुळगुळीत ॲल्युमिनियमवर रंग नीट धरत नाही, म्हणून रंगाआधी एपॉक्सीचा अगदी पातळ हात द्या, तो सुकला की 600 नंबरने हलकं घासा.

खवल्यांची दुसरी रीत जाळीची. झालर लावतात ती मऊ नायलॉनची जाळी ल्युरवर ताणून पाठीमागे चिमट्याने घट्ट धरा. गडद रंग जाळीतून मारा, पण ल्युरच्या बरोबर समोरून. तिरपा मारलात तर रंग धाग्याखाली घुसतो आणि खवला पुसट होतो. हात हलका, दोन-तीन झुळका पुरे. मिनिटभर थांबा आणि जाळी सरळ वर उचला, सरकवू नका. जाळी डोक्यावरून मानेपर्यंत आणू नका. माशाच्या कल्ल्यांच्या झाकणावर खवले तसे दिसत नाहीत, आणि तिथे नितळ सोडलेली जागा डोकं उठावदार करते.

एअरब्रश? हवा तर घ्या, 0.3 मिलिमीटरचा नोझल आणि 20 ते 30 पीएसआय दाब बहुतेक कामाला पुरतो. पण पहिल्या वीस ल्युरना त्याची गरज नाही. स्पंजच्या तुकड्याने टिपत टिपत पाठीवरून बाजूकडे उतरलात तर छटा सुंदर येते. ठिपके जुन्या टूथब्रशच्या केसांवरून अंगठा ओढून उडतात. स्प्रेचा डबा एक वीत लांब धरा आणि नेहमी ल्युरच्या आधी सुरू करून ल्युरच्या पुढे बंद करा. एक नियम मात्र घट्ट पाळा: रंग, सीलर आणि वरचा थर यांची जोडी आधी भंगार लाकडावर करून बघा. ॲक्रिलिकवर नेलपॉलिशसारखा जहाल द्रावणाचा रंग आला की खालचा थर सुरकुततो, आणि ते शेवटच्या क्षणी घडतं.

रंग कोणता, यावर तासन्‌तास वाद होतात. मी एवढंच बघतो: स्वच्छ पाण्यात लाल उजेड काही मीटरांतच गिळला जातो, म्हणून खोल जाणारा लाल ल्युर माशाला काळपट दिसतो. लाल हवाच असेल तर वरच्या वर चालणाऱ्याच्या कल्ल्याखाली एक पट्टा द्या. गढूळ किंवा हिरवट पाण्यात फ्लोरोसंट पिवळा-हिरवा आणि नारिंगी उठून दिसतात, कारण ते मिळेल त्या निळ्या-हिरव्या उजेडाला आपल्या रंगात बदलून परत फेकतात. संधिप्रकाशात पृष्ठभागावरच्या पॉपरला काळा रंग द्यायला घाबरू नका. खालून आकाशाकडे बघणाऱ्या माशाला नुसती आकृती दिसते, आणि काळ्याची आकृती सगळ्यात ठळक. डोळे मोठे ठेवा. शिकारी मासा डोळ्यावर रोख धरून डोक्याकडून झडप घालतो असं माझं बघणं आहे, आणि समोरचा गळ जिथे आहे तिथेच तो रोख पडला तर बरं.

लिप आता चिकटवा, रंगानंतर पण शेवटच्या थराच्या आधी. खाचेत जाणारा भाग खरखरीत घासून घ्या, म्हणजे एपॉक्सी धरेल. बाहेरच्या भागावर चिकटपट्टी लावा.

वरचा थर म्हणून लॅकर पुरत नाही. ट्रेबल गळ प्रत्येक फेकीला शरीरावर घासतात आणि थोड्याच दिवसांत पोटाला अर्धगोल चरे पडतात. दोन भागांची, ल्युर किंवा रॉडसाठी असलेली एपॉक्सी घ्या. प्रमाण ज्या पद्धतीने सांगितलंय त्याच पद्धतीने मोजा. आकारमानाने एकास एक म्हटलेली एपॉक्सी मी एकदा काट्यावर वजनाने मोजली. रेझिन आणि हार्डनरची घनता वेगळी असते, आणि तो ल्युर महिन्याभराने हातात घेतला तरी बोटाला चिकटत होता. बिनसुईच्या दोन सिरिंज सगळ्यात सोप्या. दोन मिनिटं सावकाश ढवळा, कडा आणि तळ खरवडत. मग उथळ ताटलीत पसरा. खोल कपात ती स्वतःच्याच उष्णतेने गरम होऊन हाता-हातात घट्ट होते. थर पातळ द्या, दोनदा. बुडबुडे दिसले तर वरून हेअर ड्रायरची कोमट झुळूक सोडा: एपॉक्सी पातळ होते आणि बुडबुडे फुटतात. पहिला हात देण्याआधी ल्युरला उघड्या बोटाने शिवू नका. तेलकट ठशावर एपॉक्सी मागे सरकते आणि गोल खड्डे पडतात. हातमोजे घालायचेच, एपॉक्सीची ॲलर्जी एकदा बसली की जात नाही.

मग फिरवत ठेवा. मिनिटाला चार-सहा फेऱ्या घेणारी छोटी गिअरची मोटर आणि तिच्यावर फोमचं चाक, एवढ्यात काम होतं. मोटर नसेल तर पहिला तासभर दर दोन-तीन मिनिटांनी हाताने उलटा करत बसा. कंटाळवाणं आहे, पण नाही केलंत तर सगळी एपॉक्सी पोटाला थेंब होऊन लटकते आणि आधी जमवलेलं वजन बिघडतं. दुसरा हात 24 तासांच्या आत द्या, नाहीतर आधी हलकं घासून घ्या. दमट हवेत पृष्ठभागावर मेणचट पापुद्रा येतो, तो साबणाच्या पाण्याने निघतो. दोन भागांची पॉलियुरेथेनही उत्तम असते, पण तिच्यातले आयसोसायनेट फुप्फुसाला घातक असतात. घरच्या खोलीत ती फवारू नये.

गळ निवडताना पुढचा आणि मागचा एकमेकांकडे ओढून बघा, टोकं एकमेकांना पोचता कामा नयेत. मासा सोडून देणार असाल तर गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाका.

पाण्यावरची शेवटची दुरुस्ती नाकाच्या कडीची. ल्युर तुमच्याकडे येताना एका बाजूला पळत असेल तर त्याचं नाक आपल्याकडे करून धरा. तो डावीकडे पळतोय तर कडी उजवीकडे वाकवा, उजवीकडे पळतोय तर डावीकडे. वाकवा म्हणजे किती? पक्कडीला जेमतेम जाणवेल इतकंच. पुन्हा फेका, पुन्हा बघा. कडी स्क्रूची असेल तर फिरवू नका, नुसती कलवा. फिरवलीत की आतला एपॉक्सीचा बंध सुटतो.

तुमचे ते सहा फेकू नका. फुगलेला रंग खरवडून लाकूड उघडं करा, गळ आणि कड्या काढा, आणि सावलीत हवेशीर ठेवा. उन्हात ठेवलेत तर तडकतील. रोज काट्यावर वजन करा. लागोपाठ तीन दिवस आकडा हलला नाही म्हणजे आतलं पाणी गेलं. आडवे पडणाऱ्या दोघांचं जुनं शिसं ड्रिलने काढण्याच्या भानगडीत पडू नका, ड्रिल शिशावरून घसरून पाठ फोडतो. पोटाला मध्यरेषेवर उथळ खाच पाडा आणि कमी पडणारं वजन तिथे, कातडीला लागून बसवा. गिरक्या घेणाऱ्याची लिप मुळाशी कापून खाच साफ करा, पण नवी लिप बसवण्याआधी ती खाच मध्यरेषेला काटकोनात आहे का तेही एकदा गुण्याने तपासा. ती तिरपी असेल तर एपॉक्सी आणि भुशाने बुजवून नवी पाडावी लागेल.